आमचे पुस्तक कुठल्या कपाटात?

मालवणीत राहणारी एक मुलगी आमच्याकडे आली होती. मराठी घेऊन एम.ए. झालेली, पीएच.डी.साठी नाव नोंदवण्याच्या तयारीत. अब्बा रिक्षा चालवतात, मूळ गाव सातारा जिल्ह्यात, घरात दखनी आणि मराठी मिळूनमिसळून बोलली जाते. विषय तिने स्वतःच निवडला होता. १९९० नंतरची मुस्लिम लेखकांची मराठी कथा. १९९० हेच साल का, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन त्या वर्षी भरले. आम्हाला मनापासून आनंद झाला. आम्ही तिला चार नावे सांगितली, घरातले दोन जुने अंक दिले आणि म्हणालो, "बाकीचे ग्रंथालयात मिळेल, बेटा."

हे वाक्य आम्ही किती सहज बोलून गेलो! सहा महिन्यांनी ती परत आली ती विषय बदलून. आता ती ग्रामीण कादंबरीतल्या स्त्रीचित्रणावर लिहिणार होती. चांगला विषय आहे, कुणाला कमी लेखायचे नाही. पण त्यावर आधीच इतके प्रबंध आहेत की संदर्भसूचीसुद्धा तयार मिळते. आम्ही विचारले, "का गं, काय झाले?" ती म्हणाली, "सर, पुस्तकंच मिळाली नाहीत. गाईड म्हणाले, मटेरियल नसेल तर विषय कशाला?"

मग तिने जे सांगितले ते असे. उपनगरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ती गेली. (नाव देत नाही. एकाचे नाव दिले की बाकीचे सुटतात.) तिथे कपाटांपर्यंत जायची परवानगी नाही. काउंटरवर चिठ्ठी द्यायची, चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, क्रमांक. तिला नावे माहीत असती तर ती तिथे गेलीच कशाला असती? "मुस्लिम लेखकांच्या कथा हव्या आहेत," असे तिने सांगितले. काउंटरवरच्या माणसाने विचारले, "उर्दू?" ती म्हणाली, "नाही, मराठी." तो म्हणाला, "पुस्तकाचे नाव सांगा." तीन आठवडे हेच. शेवटी एका शिपाईदादांना दया आली आणि त्यांनी तिला जेवणाच्या सुट्टीत आत सोडले. मराठीच्या कपाटांत तिला फारसे काही सापडले नाही. निघता निघता धर्माच्या कपाटात, नमाजाच्या पुस्तिका आणि कुराणाच्या अनुवादाच्या शेजारी, तिला आमच्याच एका मित्राचा कवितासंग्रह दिसला. पावसावरच्या, गिरणीवरच्या, आईवरच्या कविता. पुस्तकाच्या पाठीवर क्रमांक चिकटवलेला होता, २९७.

ग्रंथालयाच्या कामाशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. ड्युई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने एकोणिसाव्या शतकात पुस्तकांचे दशांश पद्धतीने वर्गीकरण केले. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत तेच चालते. त्यात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आणि इस्लाम धर्माचा २९७. पुस्तक उघडून पाहिले असते तर पहिल्याच पानावर कळले असते की हा कवितासंग्रह आहे. ते कुणी उघडले नाही. मुखपृष्ठावरचे नाव वाचले आणि पुस्तक कुठे जायचे ते ठरले.

आता कुणी म्हणेल, एका कारकुनाच्या चुकीवरून एवढा गहजब कशाला? कारकुनाशी आमचे भांडण नाहीच. त्याने तेच केले जे मराठी वाङ्मयाचे इतिहास लिहिणारे मोठमोठे विद्वान करत आले. श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'सिद्धांतबोध' लिहिणारे शाहमुनी, लावणीचा सगनभाऊ, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारणारे शाहीर अमर शेख. यांच्याशिवाय मराठीचा इतिहास लिहिता येत नाही, म्हणून त्यांना घ्यावे लागते. पण घेताना प्रकरणाच्या शेवटी एक परिच्छेद, 'मुसलमान असूनही' या थाटाचा. त्या परिच्छेदाला कागदावरून काढून लाकडी कपाटात ठेवले की त्याचा २९७ होतो. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या एखाद्याने 'मुसलमान मराठी संतकवी' लिहिले म्हणून निदान जुने कवी अभ्यासकांच्या नजरेत राहिले. नव्यांसाठी असे काम करणारा अभ्यासक तयार व्हायला हवा होता. तो तयार होता होता काउंटरवर अडला.

इथे आमच्या ओळखीचे एक शिक्षणतज्ज्ञ हसून म्हणतात, "अहो, कुठल्या जमान्यात आहात? सगळे मोबाईलवर मिळते. ग्रंथालय हवेच कशाला?" हे मत आता इतक्या जणांचे आहे की त्याचा समाचार घेतलाच पाहिजे.

मिळते, हे खरे आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचे 'शोधगंगा' आहे, त्यावर देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध कुणालाही फुकट वाचता येतात. महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' आहे. महाविद्यालयाने वर्गणी भरली की विद्यार्थ्याला स्वतःचे खाते मिळते आणि हजारो नियतकालिके घरबसल्या उघडतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ साली सर्वांसाठी खुले झाले. आणि १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० संस्था. हे सगळे चांगलेच आहे. आता आमचा प्रश्न. मालवणीतल्या त्या मुलीला यातली किती नावे माहीत होती? एकही नाही. पाच वर्षे ती महाविद्यालयाच्या पटावर होती. तिच्या महाविद्यालयाने एन-लिस्टची वर्गणी भरली होती. मूल्यांकनाची समिती आली तेव्हा त्याचा फलकही लागला होता. खाते मात्र कुणी काढून दिले नाही, कारण ते काढून देण्याचे काम कुणाचे, हेच ठरलेले नव्हते.

बरे, खाते मिळाले, शोधगंगा उघडली, म्हणून शोध लागतो का? इंग्रजी अक्षरांत एकट्या शेख महंमदांचे नाव चार प्रकारे लिहिले जाते. शेखचे स्पेलिंग तीन तऱ्हांचे, महंमदचे तर विचारूच नका. एका स्पेलिंगने शोधणाऱ्याला दुसऱ्या स्पेलिंगचा प्रबंध दिसत नाही. जुने मराठी प्रबंध जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले, नाहीतर सरळ पानांचे फोटो. त्यात देवनागरीत शब्द टाकून शोधले तर शून्य उत्तर येते आणि पोरांना वाटते, या विषयावर कुणी लिहिलेच नाही. नावाची एकच प्रमाण नोंद करायची आणि बाकीची रूपे तिला जोडायची, हे ग्रंथालयशास्त्रातले प्राथमिक काम आहे. आमच्या नावांसाठी ते फारसे कुणी केलेले नाही. आणि त्या १३,००० नियतकालिकांत आमची मराठी वार्षिके, ईद विशेषांक, संमेलनांच्या स्मरणिका शोधायला गेलात तर हाती काय लागेल? जे कुणी संगणकावर चढवलेच नाही ते मोबाईलवर कुठून येणार?

तेव्हा मोबाईल आला म्हणून माणसाची गरज संपली हे खोटे आहे. उलट वाढली. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरासाठी असतात इथून त्यांची सुरुवात होते, आणि वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे हे त्यांतले चौथे. त्यांच्या नावाने १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन साजरा होतो, फोटोला हार घातला जातो. त्याच फोटोखाली बसलेला माणूस वाचकाला म्हणतो, "पुस्तकाचे नाव सांगा." रंगनाथनांच्या लेखी संदर्भसेवा हा ग्रंथालयाचा गाभा होता. विद्यार्थ्याला पुरते विचारताही येत नाही असा प्रश्न त्याच्याशी बोलून नीट करायचा, मग पुस्तकापर्यंत पोचवायचे. हे काम करणारा माणूस उपनगरातल्या किती महाविद्यालयांत आहे? ग्रंथपालाची पद वर्षानुवर्षे भरले जात नाही, एक सहायक आणि दोन शिपाई गाडा ओढतात, हे चित्र कुणाला नवे नाही. असल्या ठिकाणी काउंटरवरच्या माणसालाही आम्ही फार दोष देत नाही. पुस्तक हरवले तर भरपाई त्याच्याकडून मागतील. वाचक हरवला तर त्याला कुणी काही विचारत नाही.

याच्या जोडीला दुसरा एक प्रकार पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याचे नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, त्यापुढे चढत्या क्रमाने कारवाई. नियम योग्यच आहे. साम्य मोजणारी संगणकप्रणालीही विद्यापीठांना पुरवण्यात आली. पण उद्धरण कसे द्यावे, टीप कशी लिहावी, कुणाचे मत आणि कुणाची माहिती हे वेगळे कसे ठेवावे, हे त्या पोरांना शिकवले कुणी? चोरी पकडणारे यंत्र आणले. नोंद करायला शिकवणारा माणूस नेमला नाही. ज्याच्या घरात आधी कुणी पदवीधर झालेला आहे त्याला हे दादा किंवा ताई शिकवते. ज्याच्या घरात तो पहिलाच, त्याला फक्त टक्केवारी कळते, तीही प्रबंध परत आल्यावर.

आकडेवारीच्या बाबतीत आमच्याबद्दल एक गैरसमज आहे. देशपातळीवर मुसलमानांची साक्षरता २००१ च्या जनगणनेत ५९.१ टक्के, सरासरीपेक्षा कमी, आणि सच्चर समितीने २००६ साली ते सगळ्यांसमोर ठेवले. पण महाराष्ट्रात त्याच जनगणनेत मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती आणि राज्याची ७६.९. म्हणजे अक्षर आमच्या हाती आले. शाळेपर्यंत आम्ही पोचलो. गळती पुढे आहे, दहावी-बारावीनंतर. आणि जे थोडे अगदी वरच्या पायरीवर पोचले त्यांच्यासाठी २००९ पासून मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती होती, ती मुसलमानांसकट सगळ्याच अल्पसंख्य समाजांच्या संशोधकांसाठी होती. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने संसदेत सांगितले की ती बंद. दुसऱ्या योजनांशी ती एकमेकींवर येते, हे कारण. पैसा गेला. निदान पुस्तक तरी हाती लागावे की नाही?

अंतराचेही बोलू. ज्या उपनगरांत मुंबईची निम्म्याहून जास्त माणसे राहतात तिथून संदर्भग्रंथांची मोठी भांडारे लांबच पडतात. मराठीसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग दादर-नायगावला. उर्दू-फारसीसाठी अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी बोरीबंदरला. एशियाटिक आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय फोर्टात टाऊन हॉलला. विद्यापीठाचे जवाहरलाल नेहरू ग्रंथालय कलिन्यात, ते त्यातल्या त्यात जवळ. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या मुलाने सकाळी पार्टटाइम नोकरी करून, लोकल पकडून तिथे पोचावे तोवर पुस्तके देणे बंद व्हायची वेळ. मुलगी असेल तर घरून पहिला प्रश्न, "मगरिबच्या आत येशील ना?" २०१४ साली घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आली, तासा-दीड तासाचा प्रवास वीस-पंचवीस मिनिटांवर आला. वाचनकक्षाची वेळ मात्र कुणी हलवली नाही.

आणि जवळ असून लांब असण्याचा मासला हवा असेल तर गोवंडीला या. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाला होता. त्याच विभागात भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे, लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. देशातले उत्तम संशोधन तिथे होते, आमच्यावरही होते. शिवाजीनगर, बैंगनवाडी, चिता कॅम्पच्या घराघरांत प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. त्या प्रश्नावलीवरून झालेला अहवाल त्या घरातल्या मुलाला जवळच्या वाचनालयात, मराठीत, कधी वाचायला मिळाला का? माहिती आमची, आणि ग्रंथालयाचे कार्ड काढायला शिफारसपत्र आम्हीच आणायचे!

इथवर वाचून आमचे काही वाचक मान डोलावत असतील. त्यांनी पुढचे जरा सबुरीने वाचावे, कारण आता पाळी आपली आहे.

आपल्या जलशांत भाषण सुरू झाले की पाचव्या मिनिटाला बगदादचे बैतुल हिकमा येते आणि दहाव्या मिनिटाला कुर्तुब्याची लायब्ररी. पहिली वही 'इकरा', वाच, हे सांगताना वक्त्याचा गळा दाटतो. सभा संपते, आणि त्या सभागृहाच्या इमारतीत वाचायला एक खोली नसते. शादीखाना असतो. त्याला वातानुकूलन असते. जमातीची, ट्रस्टची दोन-चार दुकाने भाड्याने दिलेली असतात. कुणी सुचवलेच की एक खोली अभ्यासिकेला द्या, तर हिशेब निघतो, भाडे किती बुडेल.

पूर्वी असे नव्हते म्हणून जास्त राग येतो. सर महंमद यूसुफ यांनी १९१४ साली मुसलमानांच्या उच्च शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले. त्या काळचे आठ लाख! त्यातून १९३० साली जोगेश्वरीच्या टेकडीवर इस्माईल यूसुफ कॉलेज उभे राहिले. उपनगरांतले हे पहिले कॉलेज. नजीब अशरफ नदवींसारखा संशोधक तिथे शिकवत होता, आणि पुढे त्यांनीच अंजुमनच्या उर्दू संशोधन संस्थेचा पाया घातला. त्याच सुमारास, १९२३ साली, शेजारच्या पार्ल्यात लोकांनी लोकमान्य सेवा संघ काढला, त्याचे ग्रंथसंग्रहालय आजही चालते. तो कुणा एका धनिकाचा पैसा नव्हता, वर्गणी होती. उपनगरांत आपली वस्ती त्यानंतर कितीतरी पटींनी वाढली. वर्गणीवर चालणारी, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ खाली मान्यता घेतलेली, अ-ब-क-ड पैकी निदान ड वर्गातली वाचनालये आपण किती काढली? जी काढली ती हाताच्या बोटांवर. सरकार अनुदान देत नाही ही ओरड करायलासुद्धा आधी अर्ज करावा लागतो.

आणि आम्ही लेखक? आम्ही तर जास्त दोषी. १९५४ च्या कायद्याने देशात निघणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह आणखी तीन ठिकाणी पाठवायची असते. पुढे नियतकालिकेही त्यात आली. आमच्यापैकी कितीजणांनी पाठवली? स्वखर्चाने तीनशे प्रती काढायच्या, पन्नास संमेलनात विकायच्या, शंभर मित्रांना वाटायच्या, उरलेल्या माळ्यावर. मग तक्रार करायची की मराठी समीक्षा आमची दखल घेत नाही. घाटकोपरला आमचे एक लेखकमित्र अल्लाला प्यारे झाले. चाळिसाव्यानंतर आम्ही भाभींना भेटायला गेलो. घर बदलायचे होते, जागा अपुरी. भाभी म्हणाल्या, "भाईजान, कागद खूप होते. कुणी विचारायला आलं नाही, म्हणून रद्दीवाल्याला दिले." त्यात पंचवीस वर्षांचे अंक होते, पत्रे होती, न छापलेल्या कथा होत्या. भाभींना काय बोलणार? चाळीस दिवस आम्हीसुद्धा गेलो नव्हतो.

त्या मुलीच्या गाईडने मटेरियल नाही म्हटले तेव्हा ते पूर्ण खोटे नव्हते. थोडे धर्माच्या कपाटात होते आणि बाकीचे रद्दीत.

म्हणून आमचे मागणे दोन्हीकडे आहे. विद्यापीठाने आणि महाविद्यालयांनी कपाटे उघडावीत, पदे भरावीत, आणि पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ग्रंथालयात तासभर तरी बसवून शोधायला शिकवावे. त्याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस रात्री आठपर्यंत दिवा ठेवावा. आणि आमच्या ट्रस्टींनी शादीखान्याच्या वरची एक खोली द्यावी, एक संगणक ठेवावा, आणि शिकलेली आपली मुले-मुली रविवारी दोन तास तिथे बसवावीत. शोधगंगा म्हणजे काय हे सांगायला मौलाना लागत नाही आणि मंत्रीही लागत नाही. ज्याच्या माळ्यावर जुने अंक असतील त्याने ते उतरवावेत.

आम्ही आमच्यापासून सुरुवात केली. घरातल्या अंकांची तीन गाठोडी बांधली, स्मरणिका वेगळ्या, पुस्तके वेगळी, आणि रिक्षात घालून उपनगरातल्या एका ग्रंथालयात नेली. तिथल्या बाईंनी दाखल नोंदीचे रजिस्टर उघडले, वरचे पुस्तक हातात घेतले, लेखकाचे नाव वाचले आणि विचारले, "विषय काय लिहू? धर्म?"

"मराठी साहित्य लिहा," आम्ही म्हणालो. "कथा आहेत. उघडून बघा."

त्यांनी दोन पाने चाळली आणि ८९१.४६ लिहिले. अंकांचे मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले, नियतकालिके तीन वर्षांनी निर्लेखित होतात, इथे टिकतील याची खात्री नाही. मग अंकांची गाठोडी आम्ही परत उचलली आणि पुस्तकांची पावती मागितली. पावतीपुस्तक संपले होते. सोमवारी या, म्हणाल्या. सोमवारी गेलो आणि पावती घेऊन आलो. अंक अजून आमच्याकडेच आहेत. मालवणीहून ती मुलगी दर शनिवारी येते आणि त्यांची सूची करते.